पेंग्विनची जोडी आणि वाटेतली भिंत

येरमाळा हे धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील, सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. चैत्री पौर्णिमेला येथे येडेश्वरी देवीची मोठी यात्रा भरते. भाविक रानात चुनखडीचे खडे वेचतात, आणि मग पालखी आमराईत मुक्कामाला जाते. काही वर्षांपूर्वी अशाच एका यात्रेला आम्ही गेलो होतो. ज्यांच्या घरी उतरलो होतो तेथील मुलांना दुपारच्या उन्हात बाहेर जायला मनाई होती. तेव्हा त्यांनी माळ्यावरून एक खोके खाली काढले. त्यात व्हिडिओ गेमचे जुने यंत्र निघाले, दोन पॅड निघाले (त्यांपैकी एक मोडका), आणि एक पिवळी कॅसेट निघाली.

कॅसेटीवर '६४ खेळ' असे छापलेले होते. मुलांनी मोजून पाहिले तेव्हा नावे बदलून तेच तेच खेळ पुन्हा येत आहेत असे आढळले. खरोखर वेगळे म्हणावेत असे खेळ विसाच्या आसपास होते. त्यांत रणगाडे होते, मोटारी होत्या, बंदुका होत्या. आणि एका कोपऱ्यात एक खेळ असा होता की तो चालू होताच मुले गप्प झाली, कारण आपण नक्की काय करीत आहोत हेच त्यांना कळेना. त्या खेळाचे नाव 'बायनरी लँड'. हा लेख त्या खेळाचे परीक्षण आहे. विज्ञानाच्या मासिकात व्हिडिओ गेमचे परीक्षण कशासाठी, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. लेख संपेपर्यंत त्याचे उत्तर मिळावे अशी अपेक्षा आहे.

यंत्र आणि खेळ

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे खेळयंत्र बाजारात आणले. दूरचित्रवाणी संचाला जोडायचे, कॅसेट खोचायची, की खेळ सुरू. आपल्याकडे १९९० च्या दशकात घरोघरी आणि भाड्याने खेळायला देणाऱ्या दुकानांत जी यंत्रे दिसत, ती बहुतेक याच धर्तीची होती. आजच्या मानाने त्यांची शक्ती अगदीच तुटपुंजी. यंत्राची काम करण्याची स्मृती अवघी २ किलोबाइट. सुरुवातीच्या साध्या कॅसेटीत चित्रे, सूर आणि नियम मिळून ४० किलोबाइटपेक्षा अधिक मजकूर मावत नसे. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा याहून कितीतरी मोठा असतो.

'बायनरी लँड' हा हडसन सॉफ्ट या जपानी कंपनीचा खेळ. १९८३ मध्ये तो घरगुती संगणकांसाठी निघाला आणि १९८५ मध्ये फॅमिली कॉम्प्युटरवर आला. पडद्यावर भिंतींचा एक चक्रव्यूह असतो. खालच्या बाजूला गुरिन आणि मालोन हे दोन पेंग्विन उभे असतात. वर मधोमध पिंजऱ्यात एक हृदय असते. दोघांनी एकाच वेळी त्या हृदयाच्या दोन बाजूंना येऊन उभे राहायचे, की पिंजरा उघडतो. वाटेत कोळी असतात, त्यांची जाळी असतात, आणि वेळही मोजका असतो. सोबतीला एरिक साती या फ्रेंच संगीतकाराच्या एका वॉल्ट्झची धून वाजत राहते.

एवढे ऐकून खेळ साधा वाटतो. गंमत पॅडमध्ये आहे. पॅड एकच, आणि त्यावर दोन्ही पेंग्विन चालतात. वरचे बटण दाबले की दोघेही वर जातात, खालचे दाबले की दोघेही खाली. पण डावीकडचे बटण दाबले तर एक डावीकडे जातो आणि दुसरा उजवीकडे. दोघे जणू एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत.

मुलांना हे कोणी सांगितले नव्हते. कॅसेटीबरोबर माहितीचा कागद नव्हता. पहिला अंदाज असा निघाला की दुसरा पेंग्विन यंत्र चालवते आहे आणि तो शत्रू आहे. दुसऱ्या मुलाने सांगितले की तो आपली नक्कल करतो आहे. तिसऱ्याने आक्षेप घेतला, 'नक्कल करतो तर मग डावीकडे का जात नाही?' मग त्यांनी एकेक बटण एकेकदा दाबून पाहिले आणि नियम ठरवला. अंदाज, आक्षेप, एका वेळी एकच बदल, आणि निष्कर्ष. प्रयोगवहीत आपण जे लिहून घेतो तेच हे, फक्त वही नव्हती.

आरसा उभा आहे

येथे शिक्षकांना एक प्रश्न विचारण्याची संधी आहे. डावे-उजवे उलटते, मग वर-खाली का उलटत नाही? बहुतेक मुले 'आरशात तसेच होते' असे उत्तर देतात. ते उत्तर पुरेसे नाही. या खेळातला काल्पनिक आरसा पडद्याच्या मधोमध उभा आहे. आरसा ज्या दिशेला काटकोनात असतो, तीच दिशा उलटते. उभा आरसा डाव्या-उजव्या दिशेला काटकोनात आहे, म्हणून ती उलटली. हाच आरसा आडवा ठेवला असता तर वर-खाली उलटले असते आणि डावे-उजवे तसेच राहिले असते. तळ्याकाठचे झाड पाण्यात उलटे दिसते ते याच कारणाने. सममितीचा अक्ष शिकवताना आपण कागदावर शाईचा थेंब टाकून घडी घालतो. खेळात ही घडी प्रत्येक बटणागणिक मुलाच्या बोटाखाली असते.

परंतु एवढ्यावरच समाधान मानले असते तर खेळ लगेच कंटाळवाणा झाला असता. चक्रव्यूहाची डावी आणि उजवी बाजू हुबेहूब सममित असती तर दोघे पेंग्विन कधीच एकमेकांपासून ढळले नसते. एकाला चालवले की दुसरा आपोआप पोहोचला असता. कोडे उरलेच नसते. कोडे सुरू होते ते सममिती मोडते तेथे. डावीकडे भिंत आहे आणि उजवीकडे नाही. वरचे बटण दाबले की एक अडतो, दुसरा पुढे जातो. जोडी फुटते. आता ती जुळवायची कशी?

आमच्या मते या खेळाचे मर्म येथे आहे. कल्पनेने पडदा मध्यरेषेवर दुमडा. उजवा भाग डाव्यावर येईल. आता दोन्ही पेंग्विन एकाच भागात आहेत, आणि प्रत्येक बटणाला दोघेही एकाच दिशेने हलतात. दोघांमध्ये दोन घरांचे अंतर पडले असेल, तर मोकळ्या जागेत कितीही बटणे दाबा, ते अंतर दोन घरांचेच राहील. दोघेही सारखेच सरकतात, मग अंतर बदलणार कसे? ते बदलते फक्त एका प्रसंगी: एकाला भिंत अडवते आणि दुसऱ्याला अडवत नाही तेव्हा. ज्या भिंतीने जोडी फोडली, तशाच एखाद्या भिंतीला टेकवून ती जुळवावी लागते. अडथळा हाच येथे दुरुस्तीचे साधन आहे. खेळात शिकण्यासारखी गोष्ट ही एकच आहे, पण ती अस्सल आहे.

दिवे गेल्यानंतर

संध्याकाळी वीज गेली. पडदा काळा झाला आणि मुले हिरमुसली. तेव्हा आम्ही त्यांना अंगणात नेले आणि ठिकरीसाठी आखतात तशी घरे खडूने आखली. वाचकांनीही ती आखून पाहावीत.

मधे एक उभी रेघ काढा. तिच्या डावीकडे नऊ घरांचा एक चौकोन आखा, तीन आडव्या ओळी आणि तीन उभे रकाने. उजवीकडे तसाच दुसरा. मधल्या रेघेला लागून असलेला रकाना तो 'आतला', सर्वांत दूरचा तो 'बाहेरचा', आणि उरलेला 'मधला'. आता दोन्ही चौकोनांच्या फक्त दुसऱ्या ओळीत फुल्या मारा. डाव्या चौकोनात आतल्या आणि बाहेरच्या घरावर फुली. मधले घर मोकळे. उजव्या चौकोनात मधल्या आणि बाहेरच्या घरावर फुली. आतले घर मोकळे. फुलीच्या घरात पाऊल टाकायचे नाही. मधली रेघ आणि चौकोनाच्या कडा या भिंती. दोन मुलांनी आपापल्या चौकोनाच्या खालच्या ओळीत आतल्या घरात उभे राहावे. दोघांनी एकाच वेळी वरच्या ओळीतील आतल्या घरात यायचे आहे. तिसऱ्या मुलाने हुकूम द्यायचे: 'वर', 'खाली', 'आत', 'बाहेर'. हुकूम दोघांनाही लागू. ज्याच्यापुढे फुली किंवा भिंत आहे त्याने जागेवर उभे राहायचे.

सहा हुकुमांचे उत्तर बहुतेकांना लवकर सापडते: वर, वर, बाहेर, वर, वर, आत. उजवा मुलगा आधी वर जाऊन थांबतो, मग डावा आपल्या वाटेने येतो. पण पाच हुकुमांतही हे जमते. वाचकांनी पुढचे वाक्य वाचण्यापूर्वी प्रयत्न करावा. उत्तर असे: वर, बाहेर, वर, वर, आत. पहिल्या हुकुमाला डावा अडतो, उजवा दुसऱ्या ओळीत येतो. दुसऱ्या हुकुमाला डावा मधल्या रकान्यात सरकतो. उजव्याच्या शेजारी मात्र फुली आहे, म्हणून तो नेमका हव्या त्या घरात टिकून राहतो. सहा हुकुमांच्या उत्तरात फुली टाळून जायची वस्तू होती. पाचांच्या उत्तरात फुलीनेच उजव्या मुलाला धरून ठेवले. हे उत्तर आम्हांला सहावीतल्या एका मुलीने दाखवले. दुपारभर तिच्या हाती पॅड आला नव्हता. ती मागे बसून नुसती पाहत होती.

चारात जमेल काय? मुलांनी विचारले, आणि आम्हांला हा प्रश्न अतिशय आवडला. डाव्या मुलाला आपली वाट पार करायला किमान चार पावले लागतात, आणि चार पावलांची वाट एकच आहे: बाहेर, वर, वर, आत. याच चार हुकुमांनी उजवा मुलगा कोठे जातो ते पाहा. तो बाहेर सरकतो, फुलीखाली दोनदा अडतो आणि आत येऊन पुन्हा मूळ घरात उभा राहतो. म्हणून चारात अशक्य. 'जमले नाही' आणि 'जमणे शक्य नाही' यांतला फरक वर्गात समजावून सांगताना आपली दमछाक होते. येथे तो चार ओळींत, पायांखालच्या घरांवर समजला.

याच चौकोनांवरून आणखी एक गोष्ट सांगता येते. प्रत्येक चौकोनात सात मोकळी घरे आहेत. डावा सातांपैकी कोठेही, उजवा सातांपैकी कोठेही. म्हणजे जोडीच्या एकूण स्थिती सात साते एकोणपन्नास. दोन मुलांचा विचार सोडून एकोणपन्नास घरांत फिरणाऱ्या एकाच सोंगटीचा विचार करावा. सर्वांत कमी हुकुमांच्या उत्तरात तीच स्थिती पुन्हा येण्याचे कारण नाही. म्हणून उत्तर असेलच, तर ते ४८ हुकुमांच्या आत असणार. अवघड चक्रव्यूहात प्रत्येकाला ५० घरे मोकळी असली तर स्थिती २५०० होतात. माणूस गोंधळतो, पण संगणक एकेक पाऊल पुढे जात सगळ्या स्थिती क्षणात तपासतो. संगणकशास्त्रात पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हीच रीत मोठ्या नावांनी भेटेल.

हा विचार पोरखेळ नाही. नऊही घरे मोकळी असलेल्या चौकोनात एखादे मूल कोठेही उभे करा आणि डोळे मिटून हुकूम द्या: वर, वर, आत, आत. ते कोपऱ्यातच येईल. सुरुवातीला ते कोठे होते हे माहीत असण्याची गरजच नाही. कंपासपेटीच्या झाकणात हरभऱ्याचे चार दाणे टाका, झाकण आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला कलते करा. दाणे एका कोपऱ्यात जमा होतात. कारखान्यात सुटे भाग एकाच दिशेने लावून घेण्यासाठी अशा युक्त्यांचा अभ्यास झालेला आहे. यान चेर्नी या गणितज्ञाने या विषयावर एक अनुमान मांडले. एखाद्या यंत्राच्या स्थिती चार असतील आणि त्या सर्वांना एकाच स्थितीत आणणारी कोणतीही हुकुमांची माळ असेल, तर नऊ हुकुमांची किंवा त्याहून लहान माळ नक्की असते. चाराऐवजी कोणतीही संख्या घ्या, त्यातून एक वजा करून वर्ग करा. तेवढे हुकूम पुरतात, असे ते अनुमान आहे. अनेक दशके उलटली, तरी त्याची सर्वसाधारण सिद्धता सर्वमान्य झालेली नाही. माळ्यावरच्या कॅसेटीपासून न सुटलेल्या प्रश्नापर्यंतची वाट इतकी जवळची आहे.

गुण आणि दोष

आता परीक्षणाकडे वळू. खेळाचा पहिला गुण हा की नियम एकच आहे आणि तो बोटांनी शोधता येतो. दुसरा गुण त्याच्या लाघवीपणात आहे. एक पेंग्विन जाळ्यात अडकला तर दुसऱ्याने येऊन त्याला सोडवायचे असते; दोघेही अडकले तर डाव गेला. कोळ्याला स्पर्श झाला तर एकाचे मरण हे दोघांचे मरण. त्यामुळे लक्ष सतत दोघांवर ठेवावे लागते, आणि 'माझा पुढे गेला' असे म्हणून भागत नाही.

दोष मात्र मोठा आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. खेळ विचार करू देत नाही. वेळ संपत असते, कोळी फिरत असतात. जो मुलगा थांबून दुमडलेल्या पडद्याची कल्पना करू पाहतो तो मरतो; जो भराभर बटणे दाबतो तो अनेकदा निभावतो. आम्ही पाहिले की तासाभराने मोठा मुलगा पाचसहा चक्रव्यूह सहज पार करू लागला. पण 'डावा अडकला असता अंतर कसे बदलले?' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. बोटे शिकली होती, तो शिकला नव्हता. बोटांची शिकवण कमी प्रतीची नाही; सायकल आपण तशीच शिकतो. परंतु ती शिकवण म्हणजे भूमिती समजली असे मानणे ही आपली फसवणूक आहे. खडूच्या चौकोनात वेळेची सक्ती नव्हती, मागे जाऊन पुन्हा पाहता येत होते, आणि हुकूम तोंडाने द्यावे लागत असल्यामुळे विचाराला शब्द मिळत होते. तोच नियम, पण शिकणे तेथे झाले.

आणखी एक तक्रार ऐकू येते ती खेळ तोकडा असल्याची. तीत तथ्य आहे. सुरुवातीच्या काही चक्रव्यूहांनंतर नवी कल्पना फारशी येत नाही. आमच्या मते पुढची अडचण प्रामुख्याने घाईची आहे. एका दुपारीत खेळाची ओळख पुरी होते. पण हा दोष आम्ही मानीत नाही. सांगण्यासारखे संपले की थांबणारा खेळ मुलाला मोकळे करतो. आज शाळाशाळांतून टॅब आणि मोबाइलवर शैक्षणिक म्हणवणारे खेळ येत आहेत. त्यांतले कित्येक न संपणारे आहेत: आणखी एक तारा, आणखी एक पायरी, आणखी एक बक्षीस. शिकवण्यासारखे केव्हाच संपलेले असते, आणि उरते ते फक्त बोटांना लावलेले व्यसन. अशा खेळांपुढे ही ४० किलोबाइटांच्या आतली पेंग्विनची जोडी आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते.

म्हणून शिक्षकांना सुचवावेसे वाटते की कोणताही शैक्षणिक खेळ वर्गात आणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. यातला नियम मुलाला स्वतः शोधता येतो काय? थांबून विचार करणाऱ्याला खेळ शिक्षा तर करीत नाही ना? आणि वीज गेल्यावर त्यातले काही अंगणात नेता येते काय? पहिल्या प्रश्नाला 'बायनरी लँड' उत्तम उतरतो, दुसऱ्याला नापास होतो, आणि तिसऱ्याला पुन्हा उत्तम उतरतो. तिसऱ्यात जो नापास, तो खेळ आमच्या मते फक्त पडद्याचा आहे, विषयाचा नाही.

जाता जाता एक किरकोळ पण विज्ञानाची गोष्ट. यंत्र चालू होईना तेव्हा मुलांनी कॅसेट काढून तीत फुंकर मारली, आणि ती चालली. पूर्वीही सगळे असेच करीत. वास्तविक काम होते ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. धातूचे संपर्क नव्याने जुळतात. फुंकरीतल्या दमटपणाने ते संपर्क गंजण्याचीच भीती. हे आम्ही मुलांना सांगितले. तेव्हा त्यांनी दहा वेळा फुंकर मारून आणि दहा वेळा न मारता कॅसेट बसवून पाहण्याचे ठरवले. रात्री वीज आल्यावर ते त्या उद्योगाला लागले.

वाचकांनी आपल्या वर्गात चौकोन आखावेत. फुल्या मुलांनाच मारू द्याव्यात आणि त्यांनी एकमेकांना कोडी घालावीत. अट एकच: ज्याने कोडे घातले त्याने कमीत कमी हुकूम किती ते सांगावे, आणि त्याहून कमीत का जमत नाही हे पटवून द्यावे. साहित्य म्हणून खडूचा एक तुकडा पुरेल.